लेकीच्या घरचा धूर

आमच्या घराण्यात आजवर एकाही बाईने बिडी ओठाला लावली नाही, हे मी भंडाऱ्याच्या डॉक्टर मॅडमना जरा जास्तच ताठ मानेने सांगितलं. त्यांनी विचारलं होतं एवढंच, की आजी बिडी ओढतात का. माझी आई समोरच्या स्टुलावर बसली होती. दवाखान्याच्या चार पायऱ्या चढल्याचा दम तिचा अजून उतरला नव्हता, आणि या बाई तिच्या वागणुकीची चौकशी करताहेत असं मला वाटलं. मी मोहाडीला तहसील कचेरीत लिपिक आहे. दिवसभर लोकांशी हुज्जत घालायची सवय असल्यामुळे माझा आवाज आपोआप चढतो.

मॅडमनी माझ्या आवाजाकडे लक्ष दिलं नाही. त्या आईकडे वळून म्हणाल्या, "ओढत नाही. मग वळत होता का, आजी?"

आई मात्र खुलली. कुणीतरी तिच्या कामाबद्दल विचारलं होतं. तिने मांडीवर सूप असल्यासारखा हात केला आणि दोन्ही हातांच्या बोटांत नसलेलं पान फिरवून दाखवलं. काम सोडून कितीतरी वर्षं झाली होती, पण बोटं काही विसरली नव्हती.

मॅडमनी तिला एका नळीत फुंकायला लावलं, छातीचा फोटो उजेडाला धरून पाहिला आणि मला समजेल अशा भाषेत सांगितलं. तंबाखूची धूळ, चुलीचा धूर आणि कोंदट खोली, या तिघांनी मिळून छाती खाल्ली आहे. जे गेलं ते परत येणार नाही. जे उरलंय ते राखायचं. अंगावर मांस नाही, तेव्हा डाळ, अंडं, भाजी पोटात गेली पाहिजे, आणि घरात कोणताही धूर नको. त्यांनी "कोणताही" हा शब्द दोनदा उच्चारला. तो मी नीट ऐकला नाही, हे पुढे कळलं.

आमचं गाव बपेऱ्याच्या बाजूचं. थोडं चालून गेलं की मध्य प्रदेश. एक खोली, तिच्यातच चूल, तिच्यातच झोप. कोपऱ्यात ओल्या पोत्याखाली तेंदूची पानं, वाळू नयेत म्हणून. बिडीच्या कारखान्याचा सट्टेदार पानं आणि तंबाखूचा जर्दा मोजून द्यायचा आणि वळलेल्या बिड्या मोजून घ्यायचा. आई पहाटे भात रांधायची, पेज गाळून आम्हाला द्यायची आणि सूप मांडीवर घ्यायची. दार लावून घ्यायची, कारण वाऱ्याने जर्दा उडतो. उडालेला जर्दा वाया जातो, पण छातीत गेलेला वाया गेला असं कुणी धरत नव्हतं. मी त्याच सुपाच्या कडेला झोपून मोठी झाले. शिंका येणं ही आमच्या घरात सर्दीची नाही, आई कामाला बसल्याची खूण होती.

सट्टेदार ज्या बिड्या वाकड्या म्हणून छाटून टाकायचा त्या बाबा ओढायचे. टाकून कशाला द्यायच्या? बाबा खोकत खोकत गेले, तेव्हा सगळ्या गावाने सांगितलं की यांच्या घराण्यातच दमा आहे. बिडी घराण्यात आहे, असं कुणी म्हणालं नाही. आणि आई म्हणजे तर आदर्श बाई. हजारो वळल्या, पण एक ओढली नाही. आम्ही हे अभिमानाने सांगायचो. जी ओढत नाही तिला काही होत नाही, ही आमच्याकडची पक्की समजूत होती, आणि त्या भरवशावर गावातल्या निम्म्या बायका दार लावून बसल्या होत्या.

मी एकुलती एक. त्यामुळे दवाखान्यातून मी तिला सरळ मोहाडीला माझ्या घरी आणलं. आमच्याकडे लेकीच्या घरी राहणं म्हणजे अगदी शेवटची वेळ. जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. आई आली ती दोन लुगडी आणि दातांना लावायच्या तंबाखूच्या नशीची डबी घेऊन. पहिल्या दिवशी ताटात भात वाढला तर तिने अर्धा काढून ठेवला. भूक नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशीही नाही. अंडं दिलं तर नातवासाठी ठेव म्हणाली. नातू नागपुरात नोकरी करतो, तो काय अंड्यावाचून अडला होता! मी चिडले. ती नुसती हसली आणि ताट पदराने पुसल्यासारखं स्वच्छ करून परत दिलं.

माझं ठरलं होतं, की ही बाई माझ्या घरात श्वास घेईल. तिच्या श्वासाच्या आड जो येईल त्याची गाठ माझ्याशी आहे.

पहिले आडवे आले माझे यजमान. माणूस साधा, कापडाचं छोटं दुकान, व्यसन म्हणाल तर जेवणानंतर एक बिडी आणि दिवसभर सुपारी-तंबाखूचा खर्रा. बिडी ओसरीत ओढायचे, धूर थेट आईच्या खाटेवर. मी म्हटलं, बाहेर. ते म्हणाले, ओसरी बाहेरच आहे. मी म्हटलं, फाटकाबाहेर. पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्यांना पहिल्यांदा फाटकाबाहेर काढलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, फाटकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला माझी तक्रार सांगत ओढत राहिले. त्याचा एक फायदा झाला. सगळ्या आळीला कळलं की या घरात बिडी चालत नाही, आणि पाहुण्यांपुढे बिडीचं ताट ठेवायची पद्धत माझ्या घरातून आपोआप गेली.

मग परसातली चूल. आंघोळीचं पाणी आम्ही तिच्यावरच तापवायचो, काड्या-काटक्या आणि भाताचा कोंडा फुकट मिळतो म्हणून. ती मी स्वतः कुदळीने फोडली. पाणी गॅसवर तापू लागलं तेव्हा यजमान म्हणाले, "पान्याले चुलीची चवच नाही." मी विचारलं, तुम्ही आंघोळ करता की पिता?

दिवाळीला मुलगा आला. संध्याकाळी घरात आंब्याचा वास सुटला. कार्तिकात आंबा कुठला? पाहते तर हा खिडकीशी उभा, हातात पेनासारखी एक चकचकीत वस्तू, आणि तोंडातून पांढरे लोट. सिगारेट सुटावी म्हणून मित्राने आणून दिली म्हणे. सरकारने जिच्यावर बंदी घातली ती वस्तू माझ्या घरात चार्जिंगला लावलेली, तीही आईच्या वाफाऱ्याच्या यंत्राच्या शेजारी. मी ती उचलली.

"आई, हा धूर नाही होय. वाफ आहे वाफ," तो म्हणाला.

"वाफ भाताची असते," मी म्हटलं. "तिला चार्जर लागत नाही."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा खाली बसला आणि खरं काय ते बोलला. सिगारेट सुटली नव्हती. आता दोन्ही होतं, आणि ही वस्तू तर कुठेही ओढता येते, सिगारेटचा वास येत नाही म्हणून कुणी टोकत नाही, त्यामुळे सकाळी डोळा उघडताच हात तिच्याकडे जातो. त्याच्या आजोबांनी फुकटच्या बिड्या ओढल्या, याने पैसे देऊन आंब्याचा वास घेतला, एवढाच काय तो घराण्याचा उद्धार झाला. मी त्याला तसं तोंडावर बोलले. तो रागावून दोन दिवस आधी निघून गेला, आणि मला रडू आलं, पण ती वस्तू मी परत दिली नाही.

म्हणजे बघा, बिडी गेली, चूल गेली, आंबा गेला. आईच्या ताटात लाखोरीच्या डाळीऐवजी तुरीची डाळ आली, भाजी आली, नेमाने अंडं आलं. तीन वेळचा भात मी माझ्या ताटातून कमी केला, कारण माझी साखर वाढायला लागली होती आणि दुसऱ्याला शिकवणाऱ्याने आधी आपलं झाकून ठेवू नये. आईच्या नशीच्या डबीवरून आमचं रोज वाजायचं. ती डबी मी लपवायचे आणि ती शोधून काढायची. त्या एका बाबतीत ती मला अजिबात भीत नव्हती.

आणि रोज संध्याकाळी मी तिला धुरी द्यायचे.

होय, मीच. आमच्या घराच्या मागे धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर आहे, पाणी साचलेलं, दिवे लागायच्या वेळेला डासांचे थवे येतात. मी मातीच्या टोपलीत कोंडा पेटवायचे, त्यावर कडुनिंबाचा पाला, ओवा आणि लसणाच्या साली, आणि ती टोपली आईच्या खाटेखाली सरकवायचे. मी बाळंत झाले तेव्हा तिने मला अशीच धुरी दिली होती, सव्वा महिना, एक दिवस चुकवला नव्हता. माझं बाळ आणि मी त्या ऊबेत झोपायचो. त्या वासाला मी औषध समजत होते. खरं सांगते, दिवसभरात आईसाठी केलेल्या सगळ्या कामांत मला सगळ्यात आवडतं काम तेच होतं. बाकीचं सारं भांडणाचं होतं आणि एवढं एक मायेचं होतं.

धान कापणीला आलं, थंडी पडली आणि एका सकाळी आईला श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. यजमानांनी दुकान उघडंच टाकून गाडी आणली. भंडाऱ्याला पाच दिवस ती नाकाला नळी लावून पडून होती. घरी सोडताना मॅडमनी विचारलं, घरात धूर कोणकोणता आहे? मी बोटं मोजत सांगितलं, बिडी बंद, चूल बंद, अगरबत्तीसुद्धा देवाला बाहेर तुळशीपाशी. पदक घ्यायला उभी राहिल्यासारखी मी उभी होते. मॅडमना पटलं नाही. त्यांनी आईला विचारलं, "आजी, तुम्ही सांगा. आणखी काही?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "काहीच नाही, बाई."

घरी आलो त्या संध्याकाळी मी सवयीने टोपली घेतली. काडीपेटीतली काडी ओढली आणि ओसरीकडे वळले. टोपलीतून अजून धूर निघालाही नव्हता. आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि तिने पदराचा बोळा नाकातोंडावर घट्ट धरला होता. काडी ओढल्याचा आवाज ऐकूनच तिने तो धरला होता. मी ओसरीत येताच तिने झटकन पदर खाली घेतला आणि माझ्याकडे पाहून हसली.

मी तिथेच उभी राहिले. किती दिवस? मी तिला विचारलं, किती दिवस तू असा पदर धरतेस? मी टोपली अंगणात नेऊन तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि परत येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले. मग मी ओरडले. दवाखान्यातून आलेल्या म्हाताऱ्या आईवर मी ओरडले, की जीव जात होता तरी बोलली का नाहीस, डॉक्टरांनी विचारलं तरी का लपवलंस.

"तू इतक्या मायेनं करून रायली होती, मी कशी नाही म्हनू?" ती म्हणाली. जरा थांबून, श्वास घेऊन पुढे म्हणाली, "अन् लेकीच्या घरी रायतो मी, पोरी. तू खाऊ घालतेस, दवा आनतेस. वरून मीच तोंड उघडू का?"

मला माझी लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. स्वतःचा आला, आणि ज्या रीतीने या बाईचं तोंड शिवलं तिचाही आला. सट्टेदारापुढे ती बोलली नाही, बाबांच्या बिडीपुढे बोलली नाही, आणि माझ्या घरी येऊन माझ्याही पुढे बोलली नाही. अर्धा भात काढून ठेवायची तेही याच कारणाने, हे मला तेव्हा उमगलं. ती कमी जेवत नव्हती. ती पाहुणी जेवते तसं जेवत होती. आणि मी सगळ्या आळीला दरडावत फिरत होते, पण एकदाही तिला विचारलं नाही, की माय, तुला काय सोसतं आणि काय नाही.

दुसऱ्या दिवशी मी यजमानांना सगळं सांगितलं. वाटलं, आता हे फाटकाबाहेरच्या दोन महिन्यांचा सूड घेतील. पण दुपारी दुकानातून लवकर आले ते मच्छरदाणी घेऊन, आणि खिडक्यांना जाळी ठोकायला सुतार बोलावला. खर्रा मात्र तोंडात होताच. एकेका माणसाचं एकेक करून सुटतं, सगळं एकदम सुटत नाही. मुलालाही मी फोनवर सांगितलं, की तुझ्या वाफेवरून तुला बोलले, पण आजीचा जीव माझ्या धुराने जात होता. आता सोडलं म्हणतो. मी अर्धा विश्वास ठेवते आणि अर्धा राखून ठेवते.

शेजारच्या बायका म्हणाल्या, आपल्या आया-आज्यांनी जन्मभर धुरी दिली, त्यांना काय झालं? हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं आहे. आता मी उलट उत्तर देते. झालं, बाई. झालंच. आपण त्याला दमा म्हटलं, वय झालं म्हटलं, घराण्यातलं म्हटलं, आणि पुन्हा टोपली पेटवली. ज्यांना माझं बोलणं झोंबतं त्या आता आमच्या फाटकावरून सरळ निघून जातात. जाऊ देत.

आईला मी एकच काम दिलं. म्हटलं, आता या घरात नाही म्हणायचं काम तुझं. तिने ते काम सुरू केलं ते माझ्यापासूनच. नस सोडणार नाही म्हणाली. मी कपाळावर हात मारला. पण ती नाही म्हणाली होती, आणि मला आतून बरं वाटलं. डबीचं भांडण आजही चालू आहे.

पौषात माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, साकोलीहून आले. भासऱ्यांपुढे मी आजही डोक्यावरून पदर घेते. कचेरीत साहेबाला सुनावणारी मी, त्यांच्यापुढे माझी जीभ जड होते, उगाच कशाला खोटं सांगू? पुरुषांची जेवणं झाली. मी आईचं ताट तिच्या खाटेपाशी आणून दिलं. भासरे ओसरीतच खुर्ची ओढून बसले, खिशातून बिडीचा कट्टा काढला आणि एक बिडी ओठात धरली. यजमान माझ्याकडे पाहू लागले, मी यजमानांकडे. आळीभर गाजलेली माझी हिंमत नेमकी त्या क्षणी कुठे गेली होती, कोण जाणे. भासऱ्यांनी काडी ओढली.

"इवाई," खाटेवरून आवाज आला. व्याह्यांना आमच्याकडे इवाई म्हणतात. आई घास हातात धरून सरळ बसली होती. "तेवढी बिडी फाटकाबाहेर जाऊन ओढा. मले सोसत नाही."

काडी त्यांच्या बोटांपर्यंत जळत आली तेव्हा त्यांनी ती झटकली. ते भावाकडे पाहून हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "का बाप्पा," ते म्हणाले, "विहीणबाई लेकीच्या घरी राहून आपल्याले बाहेर काढून राहिल्या."

मी पदर सावरून पुढे झाले. आता मात्र मी बोलणार होते. पण आईने हातानेच मला थांबवलं.

"हो," ती म्हणाली. "लेकीच्या घरी रायतो, म्हनूनच तं जित्ती आहो."

भासरे उठले. यजमान त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेले आणि दोघे तिथे उभे राहिले. एवढं बोलून आईला दम लागला होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि श्वास खाली बसेपर्यंत तसाच ठेवला. मग तिने समोरचं ताट पाहिलं, ते माझ्याकडे सरकवलं आणि आणखी भात मागितला.